७५ मिलिमीटरचे बाजी आणि पावसातलं रक्त

रविवारी रात्री साडेअकराच्या सुमारास मी बाजीप्रभूंच्या उजव्या कोपराखाली एक थेंब लावला. खसखशीच्या दाण्याएवढा. तो आता पडणार, पण अजून पडलेला नाही, असा दिसायला हवा होता. तसा दिसला. तीन महिने चाललेलं काम संपलं असं समजून मी टेबलाचा दिवा मालवला. काम संपलेलं नव्हतं, पण ते शेवटी सांगते.

हा पुतळा तळपायापासून डोळ्यांपर्यंत ७५ मिलिमीटर आहे, म्हणजे खऱ्या माणसाच्या साधारण चोविसाव्या हिश्श्याचा. पुण्यातल्या एका मुलानं तो संगणकावर घडवला आणि राखाडी रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट होणाऱ्या प्लास्टिकसारख्या द्रवात, छापून मला पाठवला. मुंडासं, गुडघ्याच्या वर खोचलेला अंगरखा, कमरेला शेला, पोटऱ्या उघड्या, उजव्या हातात दांडपट्टा. पट्ट्याचा खोबळा, म्हणजे कोपरापर्यंत हात झाकणारी ती लोखंडी मूठ, त्यानं इतकी नेटकी घडवली आहे की तिच्यावरचे खिळे मोजता येतात. तोंड उघडं आहे, पण ओरडण्यासाठी नाही. दम लागलेल्या माणसाचं तोंड असतं तसं. ते तोंड बघितलं तेव्हाच मी ठरवलं की या पुतळ्यावर रक्त लावायचं, आणि ते खरं लावायचं.

मी कोल्हापुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सोळा वर्षं झाली. सकाळी सात ते अकरा माझ्या हातांत दुसऱ्यांचं रक्त असतं. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए असतं, त्यामुळे त्यातलं रक्त गोठत नाही. लाल टोपणाच्या साध्या ट्यूबमधलं अर्ध्या तासात साकळतं, मग आकसतं आणि गव्हाळ पिवळं सिरम सोडतं. काचपट्टीवर थेंब ओढून पातळ थर करायचा, तो वाळवायचा, रंगवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. एवढं रोज बघणाऱ्या बाईला पुतळ्यांवरचं रक्त बघून त्रास होतो, कारण बहुतेक ठिकाणी ते रक्त नसतं, लाल रंग असतो.

फरक कुठे आहे ते सांगते. ईडीटीएची भरलेली ट्यूब उजेडाकडे धरा आणि हळूच तिरकी करा. मधला जाड भाग जवळजवळ काळा दिसतो. काचेवरून मागे सरकणारा पातळ पदर मात्र नारिंगीकडे झुकलेला लाल असतो, आणि अगदी कडेला तो पिवळट होतो. एकाच ट्यूबमधलं एकच रक्त, पण थर जाड की पातळ यावर रंग ठरतो. म्हणजे पातळ थरातलं रक्त रंगीत काचेसारखं उजेड आरपार जाऊ देतं. शाळेत कॅमलच्या डबीतला क्रिमसन लेक घेऊन आपण सगळ्यांनी अफजलखानाच्या वधाचं चित्र रंगवलेलं असतं. (१९३१ साली दांडेकरांनी सुरू केलेल्या त्या उद्योगाबद्दल मला मनापासून आदर आहे, माझा पहिला ब्रश त्यांचाच.) पण पोस्टर कलर अपारदर्शक असतो. तो खालचं झाकतो. रक्त खालचं झाकत नाही, खालच्याला स्वतःचा रंग देतं. पांढऱ्या सुतावरचं रक्त, सावळ्या कातडीवरचं आणि पोलादावरचं, तिन्ही वेगळी दिसतात ती यामुळेच.

म्हणून या कामात तामिया या जपानी कंपनीच्या एक्स-२७ क्लिअर रेड या पारदर्शक लाल रंगाचं एवढं नाव आहे. छोटी काचेची बाटली असते, पाकासारखा दाट रंग, वाळल्यावरही चकाकी तशीच राहते. एक थर लावला तर गुलाबी झाक येते, चार लावले तर काळपट माणिक. नुसता वापरला तर मात्र मुरंब्यासारखा गोड दिसतो, म्हणून त्यात एक्स-१९ स्मोक मिसळायचा. हा धुरकट पारदर्शक रंग. मी ताज्या रक्ताला पाच थेंब लाल आणि एक थेंब स्मोक घेते, जुन्याला निम्मं-निम्मं, आणि अगदी वाळलेल्याला त्यात बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाचा कण. वास उग्र असतो, खिडकी उघडी ठेवा.

आता वेळेबद्दल. माझ्या मते सगळा खेळ तिथेच आहे.

शरीराबाहेर आलेलं रक्त घड्याळासारखं असतं. पहिली काही मिनिटं ते वाहतं. नंतर दह्यासारखं धरू लागतं. पातळ डाग कडेकडून आधी वाळतो, म्हणून अर्धवट वाळलेला थेंब पुसला तर मधलं निघून जातं आणि कडेचं गोल रिंगण तेवढं उरतं. हिमोग्लोबिनचं मेथहिमोग्लोबिन होत जातं आणि लाल रंग तपकिरीकडे सरकतो. दुसऱ्या दिवशी तोच डाग गंजासारखा दिसतो. लॅबच्या ओट्यावर संध्याकाळी एखादा सुटलेला थेंब सापडला तर तो सकाळचा की दुपारचा हे मी रंगावरून सांगू शकते. आमच्याकडच्या सगळ्याच जुन्या मुलींना ते जमतं.

मराठीत यासाठी शब्द आधीपासून आहेत, आणि रंगवायला बसल्यावर मला ते नव्यानं कळले. शिंतोडा, ओघळ, चिळकांडी, थारोळं, खपली. रक्त भळभळतं, ठिबकतं, साकळतं, थिजतं. अंग रक्तानं माखतं आणि कपडा रक्ताळतो, या दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. माखलेलं वर बसलेलं असतं, रक्ताळलेलं आत मुरलेलं असतं. माखण्यासाठी दाट रंग आणि स्पंजचा तुकडा लागतो, रक्ताळण्यासाठी पाण्यासारखा पातळ हात आणि सात-आठ पदर. मी आता ब्रश उचलण्याआधी मनात शब्द ठरवते. शब्द सापडला नाही तर तिथे रक्त लावत नाही.

बाजींचं काय झालं ते आपल्या सगळ्यांना पाठ आहे. १६६० च्या जुलैत, सिद्दी जौहरचा पन्हाळ्याचा वेढा चार महिने चाललेला असताना, महाराज आषाढी पौर्णिमेच्या रात्री भर पावसात गडावरून निसटले आणि विशाळगडाकडे निघाले. पाठलाग झाला. १३ जुलैला घोडखिंडीत बाजीप्रभू, त्यांचे भाऊ फुलाजी आणि बांदलांचे मावळे मागे थांबले. महाराज गडावर पोचल्याच्या तोफा ऐकू येईपर्यंत बाजी उभे राहिले असं परंपरा सांगते. खिंडीचं नाव पावनखिंड झालं. दोघा भावांच्या समाध्या विशाळगडावर आहेत.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले. रंगवायला घेतल्यावर तिच्यातल्या दोन गोष्टी माझ्या डोक्यात घर करून बसल्या. एक, हे कित्येक तास चाललं. दोन, पाऊस होता.

कित्येक तास चाललं म्हणजे या माणसाच्या अंगावर एकाच वयाचं रक्त नसणार. पहिली जखम झाली तेव्हा महाराज नुकतेच पुढे गेले असतील. ती आता साकळली असेल, तिच्या कडा काळ्या पडल्या असतील. नंतरच्या जखमा तिच्याहून लाल. शेवटची, आत्ताची, अजून वाहतेय. या जखमांचं वय नीट रंगवलं तर बघणाऱ्याला एका पुतळ्यात सगळा दिवस दिसेल. चित्रांमध्ये बाजी नेहमी एकसारखे लालभडक दाखवतात, जणू सगळे वार एकाच क्षणी बसले. त्यांचं मोठेपण तर वेळेत आहे. ते किती तास उभे होते, हे रक्तानं सांगायला हवं.

आणि पाऊस होता म्हणजे यातलं बरंचसं वाहून गेलेलं असणार!

इथे मी दोन आठवडे अडकले. आषाढातल्या सह्याद्रीच्या पावसात रक्त अंगावर टिकणार कसं? शेवटी जुन्या पांढऱ्या सुती पंच्याचे तुकडे घेतले. त्यांवर ठेवायला बीटाचा रस, गूळ आणि थोडी कॉफी मिसळून रक्ताइतकं दाट काहीतरी केलं. (खरं रक्त लॅबच्या बाहेर जात नाही, तो नियम मोडायचा प्रश्नच नव्हता.) काही तुकड्यांना घड्या घातल्या, काही ताणले, आणि गच्चीवर पावसात टांगले. पंधरा मिनिटांनी गोष्ट समोर होती. ताणलेल्या भागावरचा डाग फिका गुलाबी होऊन खाली पसरला होता आणि त्याची खालची कड गडद झाली होती, कारण पाणी रंग तिथवर वाहून नेतं आणि सोडतं. पण घडीच्या आत, जिथे पाऊस पोचला नाही, तिथे डाग जशाचा तसा राहिला होता.

म्हणजे जुनं रक्त शोधायचं तर आडोशाला शोधायचं. काखेत, शेल्याच्या खाली, मुंडाशाच्या पट्ट्यांच्या मध्ये, खोबळ्याच्या आतल्या बाजूला, गुडघ्यामागे. उघड्यावर, खांद्यावर, छातीवर, पोटऱ्यांवर फक्त आत्ताचं रक्त, तेही पाण्यात विरघळणारं. हे समजलं तेव्हा मी गच्चीवरून ओल्या अंगानं धावत खाली आले आणि वहीत पुतळ्याची चारी बाजूंनी आकृती काढून कुठे ऊन-पावसाचं रक्त आणि कुठे आडोशाचं, ते पेन्सिलीनं भरलं.

अंगरखा आधी पूर्ण पांढरा केला, म्हणजे मातकट पांढरा, सावल्यांत उबदार राखाडी. त्यावर तैलरंग. पर्मनंट अलिझरिन हा गडद लाल आणि बर्न्ट अंबर, बिनवासाच्या स्पिरिटमध्ये इतके पातळ की थेंब कागदावर ठेवला तर चहाच्या डागासारखा दिसावा. जुनं अलिझरिन क्रिमसन उजेडात फिकं पडतं, म्हणून डबीवर पर्मनंट आहे ना ते बघून घ्या. जखमेच्या तोंडाशी रंग ठेवायचा आणि दुसऱ्या, नुसत्या ओलसर ब्रशनं त्याची खालची बाजू ओढत न्यायची. जिथे घडीचा उंचवटा येतो तिथे डाग फिका, जिथे खोलगट तिथे गडद. शेवटी खालच्या कडेला केसाएवढी गडद रेघ, तीही तुटक. ही रेघ विसरलात तर तो गुलाबी कपडा दिसतो. ती आली की लगेच पाणी दिसतं. पावसाळ्यात कोल्हापुरात तैलरंग वाळायला आठवडा लागतो, त्यामुळे धीर धरावा लागतो.

पोलादाचं वेगळं. गुळगुळीत पात्यावर रक्त पसरत नाही, त्याचे मणी होतात आणि मणी उताराच्या दिशेनं घरंगळतात. पावसात तर पातं सतत धुतलंच जातं. म्हणून पट्ट्याच्या पात्यावर मी फार थोडं लावलं. मुठीपाशी, जिथे पातं खोबळ्यात शिरतं, त्या खाचेत काळपट साठलेलं, आणि धारेवर तीन लांबट फिके ओघळ. नवशिक्या मंडळींनी पातं टोकापासून मुठीपर्यंत लाल केलेलं असतं. तलवार रक्ताच्या बादलीत बुडवत नाहीत हो.

पट्ट्याचं पातं लांब आणि लवचिक असतं. तो फिरतो तेव्हा पात्यावरचं रक्त सुटून उडतं, आणि हात मागे जाताना ते मागे उडतं. म्हणजे पट्टेकऱ्याच्या स्वतःच्या पाठीवर शिंतोडे येणार. हे मी कुठल्याच पुतळ्यावर पाहिलेलं नाही. तिरपा आदळलेला थेंब लांबट होतो आणि त्याची शेपटी ज्या दिशेला तो चालला होता तिकडे असते. पाठीवरचे शिंतोडे मी एकेक करून, दोन शून्यांच्या ब्रशनं, खालून वर जाणारे काढले, उजव्या कुशीपासून डाव्या खांद्याकडे, एका कमानीत.

मापाचंही भान ठेवावं लागतं. उंचावरून पडलेला रक्ताचा थेंब फरशीवर एक-दीड सेंटिमीटरचा डाग करतो. चोविसाव्या हिश्श्यात तो अर्धा मिलिमीटर होतो. टूथब्रशनं उडवलेले शिंतोडे याच्याहून मोठे पडतात, मग पुतळ्यावर लिंबाएवढे थेंब उडाल्यासारखं दिसतं. टूथब्रश वापरायचाच असेल तर रंग आधी कागदावर उडवून ब्रश जवळजवळ कोरडा होऊ द्या आणि नको असलेला भाग ओल्या टिश्यूनं झाका.

माझा भाचा अकरा वर्षांचा आहे. तो गेम्स वर्कशॉप या इंग्रज कंपनीचे अंतराळातले सैनिक रंगवतो, २८ मिलिमीटरवाले, आणि त्याच्याकडे त्यांच्याच सिटाडेल रंगांतली ब्लड फॉर द ब्लड गॉड नावाची बाटली आहे. ती चांगली आहे. बाटलीतून थेट लावता येते, चकाकते, आणि लहान पुतळ्याला तेवढं पुरतं. पण त्याचे सैनिक लाल चिलखतातले आहेत आणि लालावर लाल दिसत नाही, म्हणून तो आणखी ओततो. मी त्याला चिलखतावर नको, त्यांच्या कुऱ्हाडीच्या पितळी भागावर आणि पायाखालच्या करड्या मातीवर लाव म्हटलं. त्यानं लावलं आणि स्वतःच खूश झाला. मग माझ्या टेबलाशी येऊन बाजींकडे बराच वेळ बघत राहिला.

"आत्या, एवढंच रक्त? किती वार झाले होते त्यांना!"

"पाऊस पडतोय ना रे."

"कुठं दिसतोय पाऊस?"

तेव्हा खरंच दिसत नव्हता. जखमा झाल्या होत्या, गुलाबी ओघळ झाले होते, पण पुतळा कोरडा होता. त्या एका प्रश्नानं मला पुढचा महिना दिला. ओल्या कपड्याचा रंग कोरड्यापेक्षा गडद असतो आणि तो अंगाला चिकटतो, म्हणून खांद्यावर आणि मांडीवर कातडीचा रंग पांढऱ्यातून पुसट वर आणला. मुंडाशाच्या कडेला, मिशीच्या टोकाला, पात्याच्या टोकाला यूव्ही रेझिनचे, म्हणजे अतिनील उजेडात घट्ट होणाऱ्या रेझिनचे, पाण्याचे थेंब लावले. कातडीवर सॅटिन (मंद चकाकीचं) वार्निश, अंगरख्यावर मॅट (बिनचकाकीचं), रक्तावर ग्लॉस (चकचकीत).

वार्निश आधी की रक्त आधी, या क्रमाबद्दल कळकळीनं सांगते, कारण दोन वर्षांपूर्वी याच ठिकाणी माझा एक पुतळा गेला. एक बांदल मावळा होता, त्याच्या दंडावरची जखम मला फार छान साधली होती. सगळं झाल्यावर मी त्यावर मॅट वार्निशचा फवारा मारला, भर जुलैत, दमट संध्याकाळी. एका मिनिटात पुतळ्यावर पांढुरकी साय धरली आणि जखमेचं वाळलेल्या कुंकवाच्या डागासारखं भुरकट काहीतरी झालं. घाबरून मी हाताशी होती ती लॅबची स्पिरिटची पट्टी त्यावरून फिरवली. आयसोप्रोपिल अल्कोहोल ॲक्रिलिक रंग सोडवतं, हे मला माहीत होतं, पण हातानं विचार केला नाही. रंग राखाडी प्रायमरपर्यंत, म्हणजे अगदी खालच्या अस्तरापर्यंत, निघून आला. तो मावळा अजून कपाटात आहे, एक दंड राखाडी. म्हणून आता आधी सगळा पुतळा पूर्ण करते, मॅट वार्निश कोरड्या दिवशी, जमलं तर मार्च-एप्रिलमध्ये मारते, आणि रक्त अगदी शेवटी लावते. रक्तावर फवारा नाही.

जखमेबद्दल थोडंच लिहिते. बाजींच्या डाव्या दंडावर आणि उजव्या बरगडीखाली अशा दोनच उघड्या जखमा मी दाखवल्या. चीर आधी गडद तपकिरी-जांभळ्यानं भरायची, मग तिच्या ओठांना फिकी गुलाबी कड, मग आत क्लिअर रेडचे दोन पदर, म्हणजे खोली दिसते. भोवतालची कातडी किंचित सुजलेली, निळसर. आतडी वगैरे काही नाही. मला रक्त बघून किळस येत नाही, पण रोज ज्यांचं रक्त घेते ती माणसं माझ्यासमोर बसलेली असतात, सुई टोचताना माझ्याकडे बघत असतात. शरीर उघडं पडलं आहे म्हणून त्याचा तमाशा करावासा मला वाटत नाही. बाजींचा तर नाहीच.

पायाखालची जमीन हा वेगळाच घोळ होता. पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे जाताना मसाई पठारावरून चाललात तर माती तांबडी लागते, जांभ्याची. चिखल पोटऱ्यांवर उडतो आणि तो लालच दिसतो. म्हणजे पुतळ्यावर चिखल तांबडा आणि रक्तही तांबडं. पहिल्या प्रयत्नात बाजींच्या पोटऱ्या नुसत्याच लाल दिसू लागल्या. शेवटी दोन्ही ओढून लांब नेले. चिखल नारिंगीकडे, अपारदर्शक, मॅट, त्यात खरी चाळलेली माती. रक्त निळसर लालाकडे, पारदर्शक, ओलं. आता हातभर अंतरावरूनही दोन्ही वेगळे कळतात. खिंडीतला खडक काळा ठेवला, शेवाळ घातलं, आणि दोन दगडांमधून ओढा सोडला.

ओढ्यासाठी रेझिन दोन थरांत ओतलं. खालचा थर वाळल्यावर बाजींच्या उजव्या पावलाजवळ टाचणीनं क्लिअर रेडचे तीन धागे ओढले, वाहत्या पाण्याच्या दिशेनं, पुढे जाता जाता नाहीसे होणारे. वर दुसरा थर ओतला. आता ते रक्त पाण्याच्या आत आहे. वरून बघितलं तर आधी दिसत नाही, पुतळा थोडा फिरवला की उजेड पाण्यात शिरतो आणि धागे दिसतात. सगळ्या कामात मला हे तीन धागे सर्वांत जास्त आवडले.

तो शेवटचा थेंब कसा केला हेही सांगते, बरेच जण विचारतात. क्लिअर रेडमध्ये तार सुटणारा पारदर्शक गोंद निम्म्यास निम्मा मिसळायचा. दात कोरायच्या काडीनं उचलायचा, कोपराला टेकवायचा आणि अगदी हळू खाली ओढायचा. तार निघते, बारीक होते, तुटायच्या आत टोकाशी गोळा होतो. पहिले पाच-सहा तुटतात. पुतळा उलटा करून वाळवू नका, थेंबाचं पोट चुकीच्या बाजूला येतं.

तर, रविवारी दिवा मालवला आणि सोमवारी सकाळी लॅबला जायच्या आधी पुतळा आबांच्या पुढ्यात ठेवला. आबा साखर कारखान्याच्या काट्यावर होते, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. आमच्या लहानपणी दिवाळीचा किल्ला तेच करायचे. कुंभार गल्लीतून मावळे आणायचे, बुरुजावर अळीव पेरायचे, आणि मावळ्यांचे गुलाबी गाल खरवडून उन्हात रापलेले करायचे. आषाढात पन्हाळा ते पावनखिंड ते पायी गेलेत, एकदा नाही, अनेकदा. त्यांनी चष्मा वर केला, भिंग घेतलं, आणि चहा गार होईपर्यंत पुतळा फिरवत राहिले. पाठीवरचे शिंतोडे बघून मान हलवली. ओढ्यातले धागे त्यांना न सांगता सापडले. मी दारात चपला घालून उभी होते.

"शेला कुठल्या बाजूला उडतोय गं?"

"डावीकडं."

"म्हणजे वारं उजवीकडनं. पाऊस पण तिकडनंच. खिंडीत तो आडवा येतो, सरळ पडत नाही." त्यांनी भिंगाच्या कडेनं पुतळ्याच्या डाव्या खांद्याकडे बोट दाखवलं. "मग या खांद्यावरचं रक्त कुणी धुतलं?"

मी दोन्ही खांदे सारखेच धुतले होते. वहीतल्या आकृतीत ऊन-पाऊस आणि आडोसा होता, वारा नव्हता. शेला तर पहिल्या दिवसापासून समोर उडत होता.

लॅबमध्ये दिवसभर तेच डोक्यात होतं. रात्री आठला टेबलाशी बसले. डाव्या खांद्यावर ग्लॉस नव्हता, सुदैवानं तिथे नुसते तैलरंगाचे पातळ पदर होते. निम्मं स्मोक, निम्मं लाल, बर्न्ट अंबरचा एक कण. खांद्याच्या मागच्या उतारावर, मानेजवळच्या घडीत, दंडावरच्या जखमेच्या वर, सकाळचं रक्त परत आणायला बसले. कड आधी वाळलेली, मध्ये अजून किंचित ओलसर. आबा शेजारच्या खुर्चीत बसले होते, भिंग हातात घेऊन, आणि दर दहा मिनिटांनी म्हणत होते, "अजून थोडं काळं."